काँक्रीटमधलं ‘केमिकल’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बांधणारे मालक, साइटवर नव्याने रुजू झालेली डिप्लोमाची पोरं आणि तीस-तीस वर्षं गवंडीकाम केलेले मिस्त्री, तिघांचेही प्रश्न बरेचसे सारखे असतात. लोक ज्या क्रमाने विचारतात त्याच क्रमाने ते इथे घेतले आहेत. आकडे साध्या २० मिमी खडीच्या, घराच्या स्लॅब-कॉलमच्या काँक्रीटसाठी आहेत. धरणाचं किंवा पुलाचं काम असेल तर तुमचा मिक्स डिझाइनवाला जे सांगेल ते खरं.

स्लॅबच्या मालात ‘केमिकल’ टाकतात ते नेमकं काय असतं?

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी या चौघांखेरीज माल कालवताना अगदी थोड्या प्रमाणात जे पाचवं घालतात ते अ‍ॅडमिक्श्चर. साइटवर सगळ्यालाच केमिकल म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. चॉकलेटी रंगाच्या त्या ड्रममध्ये पाणी वाचवणारं द्रव्य असू शकतं, सेटिंग (माल घट्ट होऊन बसणं) लांबवणारं असू शकतं, किंवा दोन्ही मिळून असू शकतं. वर सेटिंग लवकर आणणारी वेगळी आणि हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरणारी वेगळी. यांच्यासाठी आपल्याकडे आयएस ९१०३ हे मानक आहे. ड्रमवर तो क्रमांक आणि प्रकार लिहिलेला नसेल तर आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसण्याची शक्यता मोठी.

फ्लाय ॲश (कोळशाची राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) यांना मात्र या यादीत धरत नाहीत. ते सिमेंटचे भाऊबंद, त्यांचं प्रमाणही सिमेंटच्या तोलाचं असतं.

केमिकल टाकलं की काँक्रीट मजबूत होतं, हे खरं का?

बाटलीत ताकद नसते. ताकद येते ती न घातलेल्या पाण्यातून.

शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ अब्राम्स यांनी १९१८ साली जे मांडलं ते आजही तसंच लागू आहे. सिमेंटच्या वजनाच्या तुलनेत पाणी जितकं जास्त, तितकी काँक्रीटची ताकद कमी. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी पुरतं. क्रियेतून तयार होणाऱ्या जेलमध्ये अडकून राहणारं पाणी धरलं तरी हिशोब ०.४ च्या आसपास संपतो. त्यावरचं सगळं पाणी आपण फक्त माल हलावा, सळयांच्या मधून उतरावा म्हणून घालतो. ते पुढे उडून जातं आणि मागे पोकळ्या ठेवून जातं.

आता प्रत्यक्ष हिशोब बघा. आयएस १०२६२ प्रमाणे २० मिमीच्या टोकदार खडीला ५० मिमी स्लम्पसाठी (माल किती वाहता आहे त्याचं माप, ते कसं घ्यायचं हे पुढे आहे) घनमीटरला १८६ लिटर पाणी धरतात आणि पुढच्या प्रत्येक २५ मिमीला ३ टक्के वाढवतात. म्हणजे १०० मिमी स्लम्पला सुमारे १९७ लिटर. घनमीटरला ३२० किलो सिमेंट असेल तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.६२ होतं. आयएस ४५६ मध्यम परिस्थितीतल्या आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) ०.५० च्या वर जाऊ देत नाही. तेव्हा एवढं पाणी घालून माल छान वाहील, पण एम२५ (२८ दिवसांत चौरस मिमीला २५ न्यूटन ताकदीचा) म्हणायच्या लायकीचा राहणार नाही.

यात पाणी २० टक्के कमी करणारं सुपरप्लास्टिसायझर घातलं की तोच १०० मिमी स्लम्प साधारण १५८ लिटरमध्ये मिळतो आणि गुणोत्तर ०.४९ वर येतं. हेच ०.४९ केमिकलशिवाय गाठायचं असेल तर १९७ लिटरला ४०० किलोच्या वर सिमेंट लागेल. म्हणजे घनमीटरमागे दीड गोणीहून अधिक सिमेंट जादा. त्या जादा सिमेंटची उष्णता आणि आकसण्याच्या भेगा वेगळ्याच.

म्हणून साइटवर मी एकच गोष्ट बघतो. केमिकल आल्यावर पाण्याची बादली कमी झाली का? बहुतेक ठिकाणी होत नाही. पाणी तेवढंच, वर केमिकल. माल पातळ होतो, मुकादम खूश होतो, दोन तास लवकर काम उरकतं. मालकाला वाटतं आपण मजबुतीसाठी पैसे मोजले. त्याने पैसे मोजलेले असतात ते बिगाऱ्यांची मेहनत वाचावी म्हणून. त्यात वाईट काही नाही, पण कशासाठी पैसे दिले हे माहीत असावं.

पाणी कमी करूनही माल पातळ कसा राहतो? जादू आहे का?

सिमेंटचे कण पाण्यात पडले की एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि पुंजक्यांच्या पोटात पाणी कोंडून राहतं. ते पाणी मालात असतं, पण माल हलवायला उपयोगी पडत नाही. केमिकलचे रेणू कणांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि पुंजके फोडतात. कोंडलेलं पाणी सुटतं. नवं पाणी न घालता माल सैल होतो तो असा.

कण वेगळे ठेवायच्या तऱ्हा दोन. जुन्या प्रकारात कणांवर सारखाच विद्युतभार चढतो आणि ते एकमेकांना ढकलतात. नव्या प्रकारात रेणूची रचना कंगव्यासारखी असते. कंगव्याची पाठ सिमेंटच्या कणाला चिकटते आणि दात बाहेर पाण्यात पसरून दुसऱ्या कणाला जवळ येऊ देत नाहीत. दिवाळीच्या गर्दीत लोक कोपरं बाहेर काढून चालतात, तसंच.

दुकानदार तीन किमतींचे तीन ड्रम दाखवतो. फरक काय?

सगळ्यात स्वस्त असतो तो लिग्नोसल्फोनेटचा. कागद तयार करताना लाकडाच्या लगद्यातून निघणारा हा उपपदार्थ. पाणी ५ ते १० टक्के वाचवतो. त्यात लाकडातली साखर थोडीफार उरलेली असते, म्हणून सेटिंगही जरा लांबवतो.

मधल्या किमतीचा म्हणजे एसएनएफ, नॅप्थलीनवर आधारलेला. जपानमध्ये १९६० च्या दशकात केंइची हात्तोरी यांनी तो विकसित केला. पाणी १५ ते २५ टक्के कमी होतं. आपल्याकडच्या कामांवर वर्षानुवर्षं हाच चालला, अजूनही भरपूर चालतो. त्याचा दोष म्हणजे स्लम्प लवकर पडतो. पाऊण-एक तासात माल घट्ट व्हायला लागतो.

तिसरा पीसीई (पॉलिकार्बोक्सिलेट इथर), म्हणजे मघाचा कंगवा. हाही १९८० च्या दशकात जपानमध्येच पुढे आला. पाणी ३० टक्क्यांपर्यंत, काही मिश्रणांत त्याहूनही जास्त वाचवतो आणि मात्रा कमी लागते. टोक्यो विद्यापीठातल्या हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ मध्ये व्हायब्रेटरशिवाय आपोआप बसणाऱ्या काँक्रीटची कल्पना मांडली. आज ते काँक्रीट बहुतेक करून पीसीईवरच होतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एसएनएफ आणि पीसीई एकत्र करायचे नाहीत. आधीच्या ड्रमचा तळ उरला होता म्हणून त्यात नवं ओतलं, असं सर्रास होतं. दोघांचं पटत नाही आणि माल वाहण्याऐवजी चिकट होऊन बसतो. डोसिंग पंप आणि माप दोन्ही धुऊन घ्यायचं.

गोणीला किती टाकायचं?

‘एक झाकण’ हे माप नाही.

मात्रा सिमेंटच्या वजनाच्या टक्केवारीत असते. आयएस ४५६ ने वरच्या मर्यादा घालून दिल्यात. रिटार्डरला (सेटिंग लांबवणाऱ्याला) ०.५ टक्के, प्लास्टिसायझरला (लिग्नोसल्फोनेटसारख्या साध्या, पाणी वाचवणाऱ्याला) १ टक्का, सुपरप्लास्टिसायझरला (एसएनएफ, पीसीई) २ टक्के. त्यापुढे जायचं तर चाचणी करून, उत्पादकाशी ठरवून. ५० किलोच्या गोणीला १ टक्का म्हणजे ५०० ग्रॅम. घराच्या कामात पीसीईला बहुधा ०.५ ते ०.८ टक्के पुरतं, म्हणजे २५० ते ४०० ग्रॅम. हे द्रव्य पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे मिलिलिटरमध्ये आकडा थोडा कमी येतो. चहाच्या कपाने न मोजता खुणा असलेलं प्लास्टिकचं माप आणा. शंभर रुपयांत मिळतं.

जास्त टाकलं की जास्त चांगलं, असंही नाही. प्रत्येक सिमेंट-केमिकल जोडीला एक मात्रा असते, जिच्यापुढे माल आणखी वाहत नाही, फक्त पाणी सोडतो. प्रयोगशाळेत ती मार्श कोन नावाच्या नरसाळ्याने काढतात. सिमेंटची ठरावीक पेस्ट नरसाळ्यातून किती सेकंदांत खाली येते ते वाढत्या मात्रेला मोजत जायचं. वेळ कमी व्हायचं थांबलं की ती मात्रा सापडली.

मिक्सरमध्ये आधी काय आणि नंतर काय?

कोरड्या सिमेंटवर केमिकल ओतायचं नाही, ते जिथे पडेल तिथेच शोषलं जातं. आधी खडी, वाळू, सिमेंट आणि ठरलेल्या पाण्यातलं सुमारे तीन चतुर्थांश पाणी घालून फिरवा. सगळं ओलं झालं की उरलेल्या पाण्यात केमिकल मिसळून घाला. त्यानंतर किमान दोन मिनिटं मिक्सर फिरला पाहिजे. पीसीईला असर दाखवायला जरा वेळ लागतो. मिस्त्री अर्ध्या मिनिटात बघतो, माल घट्ट वाटतो, तो पाण्याचा मग उचलतो. मग मिनिटाभराने केमिकल जागं होतं आणि माल डाळीसारखा पातळ.

आम्ही चांगल्या कंपनीचं पीसीई आणलं, पण काहीच फरक पडत नाही. केमिकल बनावट आहे का?

असेलही. पण त्याआधी वाळू बघा. महाराष्ट्रात हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की याला जरा जास्त जागा देतो.

नदीची वाळू महाग आणि दुर्मिळ झाल्यापासून बहुतेक काम क्रश सँडवर आलंय. आपला दगड काळा बसाल्ट. चांगल्या यंत्रावर घडवलेली आणि धुतलेली क्रश सँड उत्तम असते. पण बाजारात क्रश सँडच्या नावाने खदानीची डस्टही येते. तिचे कण चपटे, टोकदार आणि बारीक भुकटीने भरलेले. आयएस ३८३ फोडलेल्या दगडाच्या वाळूत ७५ मायक्रॉनखालची भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालवतं, नैसर्गिक वाळूत फक्त ३ टक्के. भुकटी म्हणजे आणखी पृष्ठभाग, म्हणजे आणखी पाणी. इथवर ठीक, मात्रा थोडी वाढवून निभावतं.

खरी गोम आहे ती माती मिसळण्यात. खदानीवरचा मातीचा थर नीट न काढता फोडलेला दगड, किंवा शेतात रिकामा केलेला वाळूचा ढीग. आपली काळी माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते ती तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या खनिजामुळे. या खनिजाचे थर वहीच्या पानांसारखे असतात आणि पानांमध्ये पाणी शिरतं. पीसीईच्या कंगव्याचे दातही नेमके तिथेच शिरून अडकतात. केमिकल सिमेंटपर्यंत पोचतच नाही, मातीच ते पिऊन टाकते. ज्या मातीत कापूस उत्तम येतो, तीच पीसीईचा पहिला शत्रू. गंमत म्हणजे एसएनएफला या मातीचा त्रास एवढा होत नाही. त्यामुळे ‘जुनं केमिकल बरं होतं’ ही मिस्त्रींची तक्रार अगदीच खोटी नसते.

साइटवर तपासायचं तर काचेच्या बाटलीत निम्म्यापर्यंत वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला. जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जाड दिसला तर तो ट्रक परत पाठवा. ही चाचणी नैसर्गिक वाळूसाठीची आहे. क्रश सँडमध्ये दगडाची भुकटीही वर येऊन बसते, म्हणून तिथे मेथिलीन ब्लू चाचणी करून घेतलेली बरी. त्यातला निळा रंग चिकणमातीला चिकटतो, दगडाच्या भुकटीला फारसा नाही. भुकटी कुठली आणि माती किती हे त्यातून कळतं.

पावसाळ्यात तेच प्रमाण, तेच केमिकल, तरी माल पातळ. का?

वाळू भिजलेली आहे. घनमीटरला ७०० किलो वाळू धरली आणि तिच्यात ५ टक्के पृष्ठभागावरचं पाणी असेल तर ३५ लिटर पाणी तुम्ही न मोजता घातलंत. केमिकलने वाचवलेलं जवळपास सगळं पाणी वाळूने परत आणून दिलं. ढीग ताडपत्रीने झाका आणि वरचं पाणी वजा करा. उन्हाळ्यात उलटं होतं. कोरडी क्रश सँड स्वतःच पाणी पिते.

आरएमसीची (प्लँटवर तयार होऊन येणाऱ्या काँक्रीटची) गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, माल घट्ट झाला. ड्रायव्हर म्हणतो पाणी मारतो. मारू द्यावं का?

नाही. ६ घनमीटरच्या गाडीत १०० लिटर पाणी गेलं, आणि त्याच्या टाकीवरचा पाइप उघडला की तेवढं सहज जातं, तर घनमीटरला ३२० किलोच्या मालाचं गुणोत्तर ०.०५ ने वाढतं. ०.४९ चं ०.५४. प्लँटवर केलेली सगळी मोजमाप तिथे पाण्यात.

आयएस ४९२६ प्रमाणे माल भरल्यापासून दोन तासांत रिकामा व्हायला हवा. रिटार्डर घातलेला असेल तर प्लँटने आधी सिद्ध केलेली जास्त वेळ चालते. चलनावर भरल्याची वेळ असते, ती पहिल्यांदा बघा. वेळ शिल्लक असेल आणि स्लम्प पडला असेल तर प्लँटच्या माणसाला बोलवा आणि तेच केमिकल, तेच, दुसरं नाही, थोडं मोजून घालायला लावा. ड्रम पाचेक मिनिटं जोरात फिरवून पुन्हा स्लम्प घ्या. माल गरम लागत असेल आणि गोळे व्हायला लागले असतील, तर त्याला केमिकलही वाचवत नाही. गाडी परत.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा हे सगळं दुप्पट वेगाने घडतं. काँक्रीट टाकताना त्याचं तापमान ४० अंशांच्या वर नसावं. खडीवर पाणी शिंपडून ठेवा, पाण्यात बर्फ घाला आणि शक्य असेल तर स्लॅब संध्याकाळनंतर घ्या. रिटार्डर हा या सगळ्याच्या वरचा उपाय आहे, ऐवजी नव्हे. मी एकदा भर दुपारी, दुप्पट रिटार्डरच्या भरवशावर स्लॅब सुरू करणाऱ्या ठेकेदाराशी भांडलो होतो. खालचा माल ओलाच राहिला, वरचं पाणी उन्हाने उडालं, आणि संध्याकाळपर्यंत पृष्ठभागावर जाळीदार भेगा उमटल्या. सेटिंग लांबलं की पृष्ठभागाला तेवढाच जास्त वेळ ओलं ठेवावं लागतं, हे कुणी लक्षात घेत नाही.

स्लम्प किती हवा आणि तो बघायचा कसा?

३०० मिमी उंच, खाली २०० आणि वर १०० मिमी व्यासाचा शंकू. थराथराने भरायचा, प्रत्येक थराला १६ मिमीच्या सळईचे २५ ठोके द्यायचे आणि सरळ वर उचलायचा. माल जितका खाली बसला तो स्लम्प. हाताने टाकायच्या स्लॅबला ७५ ते १००, पंपाने चढवायचा असेल तर १२० ते १५० मिमी. सळया दाट असलेल्या कॉलम-बीमच्या सांध्यात थोडा जास्त घ्या.

आकड्याइतकंच माल कसा बसतो तेही बघा. एका बाजूने घसरून पडला, किंवा मधे खडीचा ढीग आणि कडेने पाणी अशी थाळी झाली, तर आकडा बरोबर असूनही माल फाटलाय. केमिकल जास्त झाल्याची ही पहिली खूण.

आणि हो, माल वाहतो म्हणून व्हायब्रेटर बंद करायचा नाही. आपोआप बसणारं काँक्रीट वेगळं डिझाइन करावं लागतं. फक्त व्हायब्रेटरची नीडल एका जागी कमी वेळ धरा. सेंट्रिंगच्या (माल ओतायच्या साच्याच्या) फटीही आधी बुजवा. पातळ मालाची स्लरी फटीतून निसटते आणि प्लेट काढल्यावर तिथे मधाच्या पोळ्यासारखी उघडी, पोकळ खडी दिसते.

चुकून जास्त पडलं. दोन दिवस झाले, कॉलम ओलाच आहे. तोडू का?

घाईने तोडू नका, आणि घाईने सेंट्रिंगही काढू नका. रिटार्डरची मात्रा जास्त झाल्याने नुसतं लांबलेलं सेटिंग असेल तर प्लास्टिकने झाकून, ओलं ठेवून वाट बघा. पहिल्या काही दिवसांची ताकद कमी येते, पण २८ दिवसांची बहुतेक वेळा भरून निघते. माल मात्र फाटलेला नसावा. खडी खाली आणि स्लरी वर झाली असेल तर वाट बघून काही होत नाही.

नंतर रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक (न तोडता करायच्या चाचण्या) आणि शंका उरली तर कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेला नमुना. तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि कुठलाही एक ७५ टक्क्यांखाली नाही, तर आयएस ४५६ काम स्वीकारतं.

एका गावी फूटिंग दोन दिवस ओलं राहिलं, सगळे केमिकलवाल्याच्या नावाने खडे फोडत होते. शेवटी कळलं की पाण्याचा ड्रम काकवीचा होता, नुसता विसळून घेतलेला.

म्हणजे साखरेनेही सेटिंग लांबतं?

चांगलंच. सिमेंटच्या ०.०५ टक्के, म्हणजे गोणीला २५ ग्रॅम, पाच-सहा चमचे साखर सेटिंग काही तास पुढे ढकलते. १ टक्क्याच्या आसपास गेलात तर माल जवळजवळ बसतच नाही. बंद पडलेल्या ट्रान्झिट मिक्सरचा ड्रम वाचवायला साखर ओततात ते याचसाठी. तो माल मग फेकून द्यायचा असतो. रिटार्डरमधली ग्लुकोनेटंही साखरेच्याच गोत्रातली, पण त्यांची मात्रा आणि शुद्धता बांधलेली असते. किराणा दुकानातली साखर मोजून टाकायच्या फंदात पडू नका.

जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालायचे. सिमेंटमध्ये का नको?

कारण चुना आणि सिमेंट यांचं कडक होणं वेगळं आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वर्षानुवर्षं कडक होतो. गुळातल्या साखरेने चुना पाण्यात जास्त विरघळतो आणि सगळीकडे सारखा पोचतो. त्याला घाई नसतेच. सिमेंट पाण्याशी क्रिया करून काही तासांत बसायला बघतं आणि साखर नेमकी तीच क्रिया अडवते. घाण्यात चुना मळणाऱ्या कारागिरांना अ‍ॅडमिक्श्चर हा शब्द माहीत नव्हता, विद्या होती. ती त्यांच्या मालाची होती, आपल्या मालाला लागू पडत नाही.

सेंट्रिंग लवकर काढायचंय. ॲक्सिलरेटर (सेटिंग लवकर आणणारं) टाकू?

सळई असलेल्या काँक्रीटमध्ये कॅल्शियम क्लोराइड असलेलं अजिबात नको. सेटिंग झटपट आणतं, स्वस्त आहे आणि सळईला गंज चढवतं. आयएस ४५६ आरसीसीत घनमीटरला सगळ्या घटकांचं मिळून ०.६ किलोपर्यंतच क्लोराइड चालवतं. रत्नागिरी, मालवण, मुंबई, गोवा, जिथे खारी हवा आयुष्यभर बाहेरून क्लोराइड आणत राहणार आहे, तिथे ते आतून घालणं म्हणजे चोराला घराची किल्ली देणं. दुकानात ‘क्लोराइड-मुक्त’ असं लेखी मागा. नायट्रेट किंवा फॉर्मेटवर चालणारी मिळतात.

घराच्या कामाला त्याचीही गरज नसते. पाणी कमी करणारं पीसीई नीट वापरलंत तर पहिल्या दोन-तीन दिवसांची ताकद आपसूक चांगली येते. तरीही ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या टेकूंना ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमला १४ दिवस हे ओपीसीसाठीचे (साध्या पोर्टलंड सिमेंटसाठीचे) किमान आहेत. पीपीसीला (फ्लाय ॲश मिसळलेल्या सिमेंटला) त्याहून जास्त द्या. पीपीसीत फ्लाय ॲशमुळे सुरुवातीची ताकद सावकाश येते, त्यात थंडी आणि रिटार्डर मिळाले तर सकाळी टाकलेला कॉलम दुसऱ्या दिवशीही नखाने ओरखडतो.

वॉटरप्रूफिंगचं लिक्विड आणि हे एकच का?

नाही. त्याचं मानक वेगळं, आयएस २६४५. त्यातली बरीच द्रव्यं थोडं पाणीही कमी करतात, म्हणून गोंधळ होतो. गच्ची गळते ती बहुतेक वेळा भेगेतून, पोळ्यातून किंवा पाइपाच्या कडेने. यातलं काहीही लिक्विडने बुजत नाही. कमी पाण्याचा, नीट ठोकलेला आणि नीट भिजवलेला स्लॅब लिक्विडशिवायही कमी झिरपतो. दोन्ही वापरायचे असतील तर एकाच कंपनीचे घ्या आणि आधी ट्रायल करा.

केमिकल वापरून सिमेंटच्या गोण्या कमी करता येतील?

येतील, आणि मोठ्या प्रकल्पांवर पैसा वाचतो तो इथेच. पण खाली एक तळ आहे. मध्यम परिस्थितीतल्या आरसीसीला घनमीटरला ३०० किलो, समुद्रकाठच्या तीव्र परिस्थितीला ३२० किलो आणि गुणोत्तर ०.४५. ताकद भरतेय म्हणून त्याखाली उतरायचं नाही, कारण हे किमान सळईला गंजापासून जपण्यासाठी आहे. ताकद तपासायला भरलेल्या क्यूबला (ठोकळ्याला) सळई नसते, त्याला गंज दिसत नाही. घराच्या साइटवर, जिथे वाळू दर ट्रकला बदलते, तिथे तर मी सिमेंट कमी करू नका असंच सांगतो.

मिक्सरमध्ये फेस येतो, काळजीचं आहे का?

थोडा येतोच. सतत आणि भरपूर येत असेल तर हवा जास्त अडकतेय. प्रत्येक १ टक्का जादा हवेने ताकद साधारण ५ टक्के घटते. लडाखसारख्या ठिकाणी, जिथे काँक्रीटमधलं पाणी गोठतं आणि फुगतं, तिथे सूक्ष्म हवा मुद्दाम धरतात. आपल्याला तिची गरज नाही.

लहान कामाला ट्रायल कशी घ्यायची?

स्लॅबच्या तीन आठवडे आधी. स्लॅबला येणारंच सिमेंट, तीच वाळू, तीच खडी आणि सीलबंद ड्रममधलं केमिकल, खाली साठलेला गाळ हलवून घेतलेलं. एका गोणीचा माल काढा. पाणी २२ लिटरपासून सुरू करा, त्यात केमिकलची मधली मात्रा घाला. स्लम्प लगेच, अर्ध्या तासाने आणि तासाने घ्या. स्लॅबला लागणाऱ्या वेळेत तो फार पडत असेल तर मात्रा किंवा केमिकल बदला, पाणी नको. १५० मिमीचे सहा क्यूब भरा, तीन सातव्या दिवशी आणि तीन अठ्ठाविसाव्या दिवशी फोडायला. सातव्या दिवशी ठरलेल्या ताकदीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास आलं तर गाडी रुळावर आहे. २८ दिवसांचा निकाल स्लॅबनंतर येईल, पण तुलनेला हाताशी असू द्या.

मग पाण्याच्या बादलीवर रंगाने रेघ मारा. आमच्या एका मिस्त्रींनी ती रेघ पहिल्या दिवशी हसून बघितली होती. हल्ली नवीन बिगाऱ्याला बादली देण्याआधी ते स्वतःच रेघ दाखवतात.